आडवे पट्टे, उभे पट्टे

बुधवार, ८ फेब्रुवारी १९६१

हेडमास्तरांनी अखेर होकार दिला. महाराष्ट्र राज्याला एक मे रोजी वर्ष पुरं होतंय, त्या दिवशी रत्नागिरीला जिल्ह्याचं शैक्षणिक प्रदर्शन भरणार आहे आणि आमच्या शाळेतर्फे माझा प्रयोग जाणार आहे. मात्र शाळेच्या इमारतीत चूल पेटवायची नाही, अशी अट. "जयरामराव, गेल्या वर्षी तुमच्या हायड्रोजनने खिडकी गेली," असं ते म्हणाले. खिडकी मुळातच सैल होती. पण जूनमध्ये मला कायम करायचं की सांगलीला परत धाडायचं हे शाळा समिती ठरवणार आहे, तेव्हा वाद घातला नाही.

प्रयोग असा. तांब्याची एक लांब, उथळ पन्हळ. तिच्यातून खोबरेल संथ वाहत राहील आणि पन्हळ खालून तापवायची. खालचं तेल तापून हलकं झालं की त्याला वर यायचं असतं. वरचं तेल गार आणि जड, त्याला खाली जायचं असतं. थोड्याशा उष्णतेला तेल दाद देत नाही, मुकाट वाहत राहतं. एका मर्यादेपलीकडे मात्र त्याचा तोल सुटतो, आणि चढत्या-उतरत्या तेलाच्या शेजारी शेजारी वळकट्या बनतात. डोळ्यांना दिसावं म्हणून तेलात अभ्रकाची पूड टाकायची, की वळकट्यांचे पट्टे चकाकतात.

साठलेल्या तेलात हे पुष्कळांनी पाहिलंय. माझा प्रश्न पुढचा. तेल वाहत असताना हे पट्टे प्रवाहाला आडवे पडतील की प्रवाहाच्या दिशेने उभे? कोल्हापुरात शिकत असताना एका विलायती मासिकात वाचलं होतं की प्रवाहाला जोर असला की ते उभे पडतात, आणि वाऱ्याच्या दिशेने ढगांच्या लांबच लांब ओळी दिसतात त्या याच कारणाने. पण त्या गृहस्थाने प्रयोग हवेवर केला होता. खोबरेलावर कोणी केला असेल असं वाटत नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

जागेचा प्रश्न सुटला! माझे घरमालक भाई हे नारळाचे व्यापारी. शिक्षण चौथीपर्यंत, पण विज्ञानाची ओढ पाहून मी थक्क झालो. मी जेवताना नुसता विषय काढला, तर म्हणाले, "मास्तरानू, तुमका जागा होयी मां? माझो मांगर घेवा."

मांगर म्हणजे घरामागे माडांच्या बागेत असलेली, झापांनी शाकारलेली खोप. मधोमध कुड घालून तिचे दोन भाग केलेत. अलीकडचा भाग मला, पलीकडच्या भागाला कुलूप. तिथे काय आहे म्हणून विचारलं, तर भाई म्हणाले, "थंय काय नाय. अडगळ."

तेल तेच देणार, लाकूडफाटाही तेच देणार. अट एकच. चूल रोज संध्याकाळी पेटली पाहिजे. "आणि कोणी धुराचा विचारल्यान तर सांगायचा, प्रयोगाचो धूर. सरकारी कामाचो."

मी म्हणालो, "सरकारी नाही, शैक्षणिक."

"ताच ता," भाई म्हणाले.

आनंदीवहिनी, म्हणजे भाईंच्या पत्नी, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "रोज पेटवतलास?" त्यांनी मला विचारलं. "रोज?" मी हो म्हटलं, तशा आत निघून गेल्या आणि आज चहा दिला नाही. लाकडाची काळजी असावी.

रविवार, १९ फेब्रुवारी

पन्हळ तयार झाली. फारच देखणी. एका टोकाला उंचावर तेलाचा डबा आणि नळ, दुसऱ्या टोकाला खाली रिकामा डबा. चूल पेटवली, नळ सोडला, अभ्रक टाकलं. पट्टे नाहीत. तेल एकाच कोपऱ्यात खदखदलं, बाकी ठिकाणी ढिम्म. मग तेलाने पेटच घेतला.

माझ्या भुवया परत येतील असं वहिनी म्हणाल्या.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

आंगणेवाडीची जत्रा. शाळेला सुट्टी. भाईंना काम होतं म्हणून वहिनींच्या सोबतीला मी गेलो. गर्दीत वहिनींना त्यांच्या माहेरची, खारेपाटणची मैत्रीण भेटली, सुशीलाबाई. लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होत्या म्हणे. त्यांचे यजमान अलीकडेच बदलून मालवणला आलेत, कसल्याशा टोपीच्या नोकरीत. दोघी नारळाच्या ढिगाआड बसून इतका वेळ बोलत होत्या की मी एकटाच खाजं खात फिरलो. परत येताना वहिनी अगदी प्रसन्न होत्या. माहेरच्या माणसाचा केवढा आधार असतो बायकांना.

रविवार, ५ मार्च

पट्टे दिसले!

चूक माझीच होती. चुलीची आच सगळीकडे सारखी लागत नाही. म्हणून शिमग्याच्या सुट्टीत मी पन्हळीखाली तांब्याची चपटी पेटी बसवून घेतली. पेटीत पाणी, पाण्याखाली चूल. पाणी सगळीकडे सारखं तापतं आणि तेल पेटण्याची भीती नाही. तेलाचा थर बोटाच्या पेराएवढा ठेवला, नळ बारीक. बराच वेळ काही नाही. अभ्रक आपलं तेलासोबत सरळ वाहत होतं, शाळा सुटल्यावर घरी निघालेल्या गुणी पोरांसारखं. आणि मग कोणी आतून ढकलावं तसं तेल हललं. एक पट्टा, त्याच्यामागे दुसरा, पन्हळीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, आडवे. आणि ते सगळे मिळून प्रवाहाबरोबर हळूहळू पुढे चालू लागले.

मी ओरडलोच. भाई धावत आले. कुलूपवाल्या भागातून आले, त्यामुळे जरा घामेजलेले होते. आधी चुलीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पन्हळीकडे. "माका वाटला कोण इलो," ते म्हणाले. मी म्हणालो, "कोणी नाही, संवहन आलंय!" त्यांना फारच हायसं वाटलेलं दिसलं.

शनिवार, ११ मार्च

बातमी वाऱ्यासारखी पसरली. रोज संध्याकाळी मांगरात माणसं येतात. शेतकरी महादू तर पहिल्या दिवसापासून, पण शाळा समितीचे चेअरमनसाहेबही येतात, तलाठीभाऊसाहेब येतात, पोस्टमास्तर येतात. चेअरमनसाहेब छत्री घेऊन येतात, आणि इकडे तर ढगही नाही. छत्री बंदच असते, पण जाताना जरा फुगलेली वाटते.

"बघूक इलंय," असं प्रत्येकजण दारात म्हणतो. मी तत्त्व समजावतो. ते मान डोलावतात. मग भाई कुडापलीकडून खाकरतात, आणि एकेकजण सुपारी खायला तिकडे जाऊन येतो. जाताना शांत असतात, परत आल्यावर मात्र चर्चेला रंग चढतो. आज पोस्टमास्तरांनी पट्टे पाहून चक्क डोळ्यांतून पाणी काढलं.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. अभ्रक तापलं की आंबूस, सडक्या काजूबोंडासारखा वास सुटतो. कुठल्याही पुस्तकात याचा उल्लेख नाही. मी भाईंना विचारलं, तर त्यांनाही तसंच वाटत होतं. "अभ्रकाचोच वास," ते ठामपणे म्हणाले. यावर वेगळा निबंध लिहावा.

माझी जादा तांब्याची नळी भाई अधूनमधून मागून नेतात. सकाळी परत मिळते ती आधीपेक्षा लख्ख.

शनिवार, १८ मार्च

आज महादूशी शास्त्रीय मतभेद झाला. तो सुपारी खाऊन आला, पन्हळीवर वाकला आणि म्हणाला, "मास्तरानू, पट्टे उभे आसत."

मी म्हणालो, "आडवे आहेत."

"उभे. आणि मांगर आडवो."

मी त्याला निरीक्षण म्हणजे काय ते नीट समजावलं. मनाला वाटतं ते पाहायचं नसतं, डोळ्यांना दिसतं तेच पाहायचं असतं. तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांका दोन-दोन दिसतत, तुमका एकच," आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला.

सकाळी त्याची बायको यशोदा वहिनींकडे आली होती. कपाळाला मोठं टेंगूळ, एक डोळा सुजलेला. मी विचारलं, तर म्हणाली, "पायरेवर घसारलंय." इकडे जांभ्या दगडाच्या पायऱ्या फारच घातकी. गेल्या महिन्यात ती याच पायरीवरून घसरली होती. मी म्हणालो, महादूला सांगून पायरी दुरुस्त करून घ्या. वहिनी हळद उगाळत होत्या ती जरा जास्तच जोरात उगाळू लागल्या.

सोमवार, २७ मार्च

परवापासून मनात एक धाडसी विचार घोळतोय. लिहू की नको? लिहितो. तो विलायती गृहस्थ चुकला आहे.

मी रोज पाहतोय, पट्टे आडवेच पडतात. एकदाही उभे पडले नाहीत. रत्नागिरीला मी हेच जाहीर करणार आहे. पुठ्ठ्यावर अक्षरंही रंगवून घेतली: 'वाहत्या द्रवात पट्टे आडवेच.' मनात थोडी धाकधूक आहे. भाईंनी तेलाचा एकच डबा दिलाय, तो पुरवायचा म्हणून नळ नेहमी बारीकच ठेवतो. मोठा सोडला तर क्षणात संपेल. पण तीन आठवड्यांत निसर्गाला मत बदलायला भरपूर संधी दिली होती.

दुपारी वहिनींनी अचानक विचारलं, "तुमच्या ह्या प्रयोगात माणूस येवन बघता तेव्हा सगळे खंय उभे ऱ्हवतत?"

मी म्हणालो, "पन्हळीच्या दोन्ही बाजूंना."

"आणि पलीकडे कोण नसता?"

"कोणीच नाही. पट्टे दिसू लागले की कुणाला दुसरं काही सुचत नाही."

"बरा," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फुडल्या गुरवारी चांगले दाखवा." गुरुवारी का, ते सांगितलं नाही. बायकांना गुरुवारचं महत्त्व असतं.

गुरुवार, ६ एप्रिल

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. हात अजून तेलकट आहे, कागदाला डाग पडतोय, पडू दे.

शाळा सुटल्यावर चूल पेटवली. वहिनी स्वतः आल्या आणि पाणी लवकर तापावं म्हणून फुंकणीने चूल फुंकून गेल्या. चेअरमनसाहेब, तलाठी आणि महादू नुकतेच येऊन बसले होते. पट्टे सुरेख पडले होते. एवढ्यात बागेतल्या वाटेवर बुटांचा आवाज झाला आणि महादू बाहेर डोकावून म्हणाला, "पोलिस!"

मी आनंदलो. खात्यापर्यंत कीर्ती गेली असा अर्थ मी लावला. पण मागे वळून पाहतो तर चेअरमनसाहेब मागच्या दगडी गडग्यावरून उडी मारत होते. साठी उलटलेल्या माणसाची ही चपळाई कौतुक करण्यासारखी. छत्री मात्र इथेच राहिली. तलाठीभाऊसाहेब त्यांच्यामागून. महादूचं धोतर निवडुंगाला अडकलं, तो तिथेच राहिला.

मालवणचे फौजदार दारात उभे होते, बरोबर दोन शिपाई. मिश्या चांगल्याच भरदार. कडक आवाजात म्हणाले, "भट्टी कुठे आहे?"

मी म्हणालो, "ही काय!" आणि चूल दाखवली.

"माल?"

"हा." मी पन्हळ दाखवली.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही कबूल करता?"

"कबूल म्हणजे? अभिमानाने सांगतो. रत्नागिरीला नेणार आहे. एक मेला, सगळ्या जिल्ह्यासमोर."

एका शिपायाने टोपी काढून डोकं खाजवलं. फौजदार पन्हळीवर वाकले, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. चेहरा वाकडा झाला. दाताखाली अभ्रक कचकन वाजलेलं मला ऐकू आलं. "हे तेल आहे," ते म्हणाले.

"खोबरेल."

"वरच्या डब्यात?"

"तेच."

"मला बनवता काय? नळ सोडा. पूर्ण सोडा, मला डब्याचा तळ बघायचाय."

मी विनवलं की पट्टे मोडतील, तेल एकच डबा आहे, भाई पुन्हा देतील की नाही... ते ऐकेनात. त्यांनी स्वतःच हात घालून नळ पुरता फिरवला.

तेल भळाभळा आलं. माझे आडवे पट्टे थरथरले, वाकले, तुटले. मी डोळे मिटून घेतले. मग फौजदारांचाच आवाज आला, अगदी वेगळ्या सुरातला: "अहो मास्तर, हे काय?"

डोळे उघडले. पन्हळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टे सरळ उभे पडले होते. प्रवाहाच्या दिशेने, शेजारी शेजारी, जशा नांगरलेल्या शेतातल्या सऱ्या. अभ्रक त्यांच्यामधून चमकत धावत होतं. विलायती गृहस्थ बरोबर होता! मी चुकलो होतो आणि मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. मी ओरडलो, "बारीक करा! नळ बारीक करा!" फौजदारांनी केला. थोड्या वेळाने पट्टे पुन्हा आडवे. "सोडा!" त्यांनी सोडला. उभे! एक शिपाई खालचा डबा वरच्या डब्यात ओतू लागला, दुसरा चुलीत लाकडं सारू लागला. फौजदारांनी टोपी काढून खुंटीला लावली. म्हणाले, "मधली जागा असते का हो? धड आडवेही नाहीत आणि उभेही नाहीत, अशी?" मी म्हणालो, "शोधू या!" आणि आम्ही शोधायला लागलो.

याच वेळी कुडापलीकडे धाडधाड आवाज सुरू झाला. मडकी फुटत होती, एकामागून एक. काहीतरी खळखळून वाहिल्याचाही आवाज आला. मी म्हणालो, "मांजर असेल." फौजदारांनी मान वर केली, क्षणभर ऐकलं, पुन्हा नळाला हात घातला. "तुमचं चालू द्या," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने ते पलीकडे गेले, मीही मागोमाग. कुलूप उघडं होतं. वहिनी मधोमध उभ्या होत्या, हातात मुसळ, पदर खोचलेला. खाली खापऱ्यांचा खच आणि जमीन चिंब. वास तोच, अभ्रकाचा. इथपर्यंत पसरला होता म्हणायचा. कोपऱ्यात भाई कपाळाला हात लावून बसले होते. माझी नळी मोडून पडलेली.

"वहिनी, हे काय?" फौजदारांनी विचारलं.

"काढ्याची मडकी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मुसळ खाली ठेवलं नाही. "फुटली. आता पुन्हा काढो व्हायचो नाय. ह्या घरात तरी नाय."

फौजदारांनी भाईंकडे पाहिलं, मग खापऱ्यांकडे, मग पुन्हा वहिनींकडे. शिपायाने विचारलं, "साहेब, पंचनामा?"

"कशाचा? खापऱ्यांचा?" ते म्हणाले. "लिही, तेल सापडलं." जाताना वहिनींना एवढंच म्हणाले, "सुशीलाने विचारलंय, कोकमं कधी पाठवताय."

दारात थांबून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, खरं सांगा. तुम्हांला खरोखर काहीच माहीत नाही?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "फारच थोडं. उभ्या-आडव्याची नेमकी सीमा कुठे आहे, ते अजून कळायचंय."

त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ दाबला.

शुक्रवार, ७ एप्रिल

महादूची माफी मागितली. उभे पट्टे सर्वांत आधी त्यालाच दिसले होते. त्याने विचारलं, "आज सुपारी नाय?" नाही म्हटल्यावर उठून गेला.

भाई अंगावर घोंगडी घेऊन निजलेत. औषधी काढा गेल्याचं दुःख आहे. मी म्हणालो, दुसरी मडकी आणता येतील. त्यांनी तोंडावर घोंगडी ओढली.

शनिवार, १५ एप्रिल

आज शाळा समितीची बैठक. विषय: शिक्षकाच्या प्रयोगाच्या जागी पोलिस येण्याचा प्रकार व त्यावर कारवाई. हेडमास्तर सकाळपासून माझ्याशी बोलले नव्हते. मीही सामान बांधायची मनाची तयारी केली होती. सांगलीला आईला काय सांगायचं, हेच मनात घोळत होतं.

हेडमास्तर उभे राहून म्हणाले, "गावात कुजबुज आहे. जयरामरावांच्या मांगरात रोज संध्याकाळी माणसं जमत, आणि तिथे, मला बोलवत नाही, पण निराळंच काही चालत असे. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. त्यांनी खुलासा करावा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "माझा खुलासा सोपा आहे. तिथे काय चालत असे, ते मी सांगण्यापेक्षा रोज येणाऱ्यांनीच सांगावं. सुदैवाने ते इथेच बसले आहेत. चेअरमनसाहेब एकही दिवस चुकले नाहीत. तलाठीभाऊसाहेब, पोस्टमास्तर..."

एकदम सगळ्यांना खोकला आला. उन्हाळ्यात घसे कोरडे पडतात.

"मी तर म्हणतो," मी पुढे म्हणालो, "एकेकाला उभं करून विचारा, त्यांनी तिथे काय पाहिलं, काय घेतलं..."

"काय घेतला?" चेअरमनसाहेब ओरडले.

"बोध," मी म्हणालो. "काय बोध घेतला. आणि चेअरमनसाहेब, त्या दिवशी तुमची छत्री राहिली होती. मी घेऊन आलोय." मी छत्री टेबलावर ठेवली. आतून काहीतरी टणकन वाजलं. बाटलीचा आवाज वाटला, पण मी उघडून पाहिलं नाही; दुसऱ्याची वस्तू.

चेअरमनसाहेबांनी छत्री टेबलाखाली घेतली. कपाळ पुसलं. मग एकदम मालवणीतून शुद्ध मराठीत आले: "मला वाटतं खुलासा समाधानकारक आहे. ठराव मांडा."

"कोणता?" हेडमास्तरांनी विचारलं.

"जयरामरावांना कायम करण्याचा."

"पण तो विषय जूनमधला..."

"आताच घ्या. अनुमोदन?"

तलाठी आणि पोस्टमास्तर दोघेही एकदम उठले. ठराव एकमताने मंजूर. हेडमास्तर माझ्याकडे असं बघत होते, जणू मी त्यांच्या डोळ्यांदेखत खोबरेल पेटवून पिऊन टाकलं होतं. विज्ञानाच्या मागे समाज इतका ठामपणे उभा राहील, असं मलाही वाटलं नव्हतं.

वहिनींना बातमी सांगितली. त्या इतक्या हसल्या की पाट सोडून जमिनीवर बसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तरानू, तुमी खंय जाव नकात हां. तुमी हंयच ऱ्हवा."

मंगळवार, २ मे

रत्नागिरीहून परत. पन्हळ एस.टी.च्या टपावर बांधून नेली होती. काल प्रदर्शनात नळ फौजदारांबरोबर मधली जागा शोधताना शिकलो तसा, एकदम मोठा न सोडता हळूहळू सोडला. पट्टे ऐटीत आडव्याचे उभे झाले. पुठ्ठ्यावरचं 'आडवेच' खोडून मी 'आडवेही, उभेही' लिहिलं होतं.

परीक्षक तिघे. पहिला नाकाला रुमाल लावून पुढे गेला. दुसऱ्याने विचारलं, "याचा उपयोग काय?" मी ढगांचं सांगितलं. तो म्हणाला, "ढगांचा उपयोग मला माहीत आहे, याचा विचारतोय." तिसऱ्याने पट्टे पाहिले, पण तोवर चहा आला. पहिलं बक्षीस मातीच्या धरणाला मिळालं. मला 'उत्तेजनार्थ'ही नाही.

कणकवलीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो होतो. काय वाईट वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. बक्षीस नाही म्हणून नव्हे. तीन माणसांसमोर तेल तोल सोडून नवी वाट धरत होतं आणि कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही, म्हणून.

रविवार, ७ मे

पन्हळ गुंडाळून ठेवायला मांगरात गेलो. पलीकडच्या अर्ध्या भागात वहिनींनी कोकमं पसरलीत, किल्ली आता त्यांच्या कमरेला असते. भाई निमूट कोकमं उलटीपालटी करत होते. बरेच बारीक झालेत. पण परवा बाजारात कोणी काढ्याबद्दल विचारलं, तर त्यालाच झापलं म्हणे.

मी तांब्याला फडकं गुंडाळत होतो तोच वहिनी आल्या, आणि त्यांच्यामागे वाडीतल्या पाच-सहा बायका. पुढे यशोदा. कपाळावर आता नुसती फिकट खूण आहे. पायरी बहुतेक दुरुस्त केलेली दिसते.

"मास्तरानू," ती म्हणाली, "माझो घोव रोज सांजचो हंय येवन काय बघी, ता माका बघूचा आसा."

मी गुंडाळलेलं पुन्हा सोडलं. भाईंनी न सांगता चूल पेटवली. पाणी तापलं, तेल सोडलं, अभ्रक टाकलं. बायका दोन्ही बाजूंना बसल्या, पदर सावरून. पट्टे आले, आडवे, एकामागून एक चालू लागले.

यशोदा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या?"

"हो."

"ह्याच बघूक येय? रोज?"

"नेमाने," मी म्हणालो. "सगळ्यांत नेमाने तोच."

तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलायला लागले. मग यशोदाच फुटली. अशी हसली की बाकीच्या सगळ्याही हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर रेलून, डोळ्यांतून पाणी येईतो. चुलीपाशी भाई मान खाली घालून बसले होते, तेसुद्धा शेवटी हसले. मला विनोद कळला नाही. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. यशोदेला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

हसू ओसरल्यावर तिनेच नळाकडे हात केला. "हो फिरवलो तर काय जाता?"

"फिरवून बघा."

तिने फिरवला. पट्टे थरथरले, मोडले, आणि सरळ उभे राहिले. हसणं एकदम थांबलं. सगळ्या माना पन्हळीवर वाकल्या. याचा उपयोग काय, असं कोणीच विचारलं नाही. यशोदेने नळ बारीक केला, थांबली, पुन्हा सोडला. पुन्हा बारीक. एका म्हातारीने तिला कोपराने ढोसलं: "आता माका दी गो."

मी सांगणार होतो की तेल एकच डबा आहे. पण तेवढ्यात संपलंच. कोणी उठलं नाही. वहिनींनी खालचा भरलेला डबा उचलला आणि वरच्या डब्यात ओतला, आणि म्हातारीने दोन्ही हातांनी नळ सोडला.